पियरची वाटी

सासरे गेले आणि सासूबाईंनी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या महिला मंडळाकडे फिरकणंच सोडलं. एवढी वर्षं तिथल्या पुढच्या खुर्चीवर हक्क सांगणारी बाई, आणि आता म्हणे, "मोकळा गळा घेऊन कुठे मिरवू?" मंगळसूत्र त्यांनी आपणच काढलं होतं, आम्ही कुणी अवाक्षर बोललो नव्हतो. मला त्या मोकळ्या गळ्याचा भयंकर राग यायचा. पण बोलणार काय, कप्पाळ! कॉलेजात पोरांना इतिहास शिकवून घसा बसतो, घरी सासूला शिकवायला मी काय वेडी आहे?

तेवढ्यात मंडळाने मलाच भाषणाला बोलावलं. विषय मी माझ्या आवडीचा घेतला, मध्ययुगातल्या युरोपातल्या सरदारघराण्यांच्या बायका. आमच्या गोत्री भागातल्या फ्लॅटमध्ये सासूबाई मेथी निवडत होत्या आणि मी समोर बसून टिपणं मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता 'पीअर' शब्द आला, तशी त्यांनी मान वर केली.

"पियर? कुणाचं पियर?"

मला हसूच फुटलं. गुजरातीत माहेराला पियर म्हणतात, आणि यांचा अख्खा जन्म बडोद्यात गेलेला.

"आई, पीअर म्हणजे तिकडचे उमराव. माहेर नव्हे."

"मग माहेराचं काही आहे का तुझ्या भाषणात? की नुसतं कुणाची बायको नि कुणाची आई?"

घ्या! पाहिलं तर खरंच तेवढंच होतं. नकळत्या वयात लग्न, परमुलखात पाठवणी, मुलगे किती झाले, जमीन कुणाकडे गेली. चडफडत पुन्हा पुस्तकं काढली आणि त्यात एक मजेशीर गोष्ट सापडली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातच त्यांना गाठलं.

"आई, ऐका. यांच्यातल्या काही जणींचे स्वतःचे शिक्के असत. मधे बाई उभी. एका बाजूला नवऱ्याच्या घराण्याचं चिन्ह असलेली ढाल, दुसऱ्या बाजूला बापाच्या घराण्याची."

"अगंबाई, म्हणजे मंगळसूत्राच्या दोन वाट्याच की! एक सासरची, एक माहेरची."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना हातातल्या लाटण्यासकट मिठी मारली. त्यांनी मला लटकंच ढकललं. मग पोळी उलटता उलटता विचारलं, "आणि नवरा गेल्यावर गं? बापाची ढाल पुसायची?"

"छे हो! कितीतरी जणी ठेवायच्या."

"हं," म्हणाल्या आणि गॅस बारीक केला.

भाषणाच्या दिवशी मी साडी नेसून रिक्षा बोलवायच्या गडबडीत होते, तर या इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या. गळ्यात बारीक सोन्याची साखळी, आणि तिच्यात एकच वाटी. "चल, उशीर होतोय," एवढंच म्हणाल्या.

मंडळात त्या सरळ आपल्या पुढच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. शेजारच्या बाईंची नजर गळ्याकडे गेलीच. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हे... आता?"

सासूबाईंनी पदर जरा बाजूला केला, वाटी नीट दिसेल असा.

"यांची यांच्या फोटोपाशी ठेवलीय. ही पियरची," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "नवरा गेला, म्हणून मी काय माझ्या बापाची लेक नाही राहिले?"