चपलांची राखण

"चपला इथंच काढ. आणि तूही इथंच थांब, लक्ष ठेव," विभागप्रमुख सर म्हणाले.

धूळ नको म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर सगळेच चपला काढायचे. पण राखणीला कुणाला बसवत नसत. मला बसवलं. आत जिल्ह्यातले फिजिक्सचे प्राध्यापक जमले होते आणि त्यांना दाखवायचा प्रोग्राम मी लिहिला होता. माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट. वायू खूप तापवला की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आयन मागे राहतात. तो प्लाझ्मा. चुंबकाजवळ हे कण कसे फिरतात ते पडद्यावर दिसायचं.

सरांनी माझं नाव पुसून स्वतःचं घातलं. प्रोग्रामच्या मूळ ओळी, म्हणजे कोड, कपाटात, कुलपात. विचारायला गेले तर म्हणाले, "सवलतीवर आलीस ना? मग गप शीक."

गप्प बसले. प्रोजेक्टवर त्यांची सही लागत होती. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

दार किलकिलं होतं. कोपरगावच्या एका प्राध्यापकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "सर, निळे इलेक्ट्रॉन, पिवळे आयन. दोन्ही एकाच बाजूला कसे काय फिरतात? उलटे पायजेत ना?"

"कॉम्प्युटरचं गणित आहे. चुकत नसतं."

चूक होती, आणि ती माझी होती. आयनच्या भाराचं चिन्ह मी उलटं घातलं होतं. कोड कुलपात, म्हणजे कुणाला ते दिसणार नाही. आता हेच चुकीचं सगळ्या कॉलेजांत शिकवणार.

मी माझ्या चपला पायात घातल्या आणि आत गेले.

"चूक माझी आहे. प्रोग्राम माझा आहे."

"बाहेर हो," सर म्हणाले.

मी झाले नाही. पिशवीत माझी फ्लॉपी होती, तिच्यात कोडची माझी प्रत. खुर्चीवर बसले, एक चिन्ह बदललं. पिवळे ठिपके उलटे फिरू लागले. कोपरगावच्या प्राध्यापकांनी खिशातली कोरी फ्लॉपी माझ्यापुढे ठेवली. मी कोडसकट भरून दिली.

सही मिळाली नाही. वर्ष गेलं.

तिसगावला, आमच्या बौद्धवाड्यात, वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "वरीस गेलं तर जाऊ दे. त्यो परोगराम कुनाकडं हाय आता?"

"मागंल त्याच्याकडं."

तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव आणि गाव लिहिते. खाली कोड, सगळा उघडा. कुणीही वाचावा, चूक काढावी, पुढे द्यावा. कुणाच्या दाराबाहेर मी पुन्हा उभी राहणार नाही, आणि माझ्या कोडबाहेर कुणाला उभं करणार नाही.