खोलीवर जेवण, जास्तीचे तीनशे

अचलपूरच्या वामनराव गावंड्यांना मी वीस वर्षं ओळखतो आणि त्यातली एकोणीस वर्षं मला ते आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गजेंद्र कोणाचीही वाहवा करत सुटतो असं म्हणायला नको. त्यांचं अचलपुरात कृषी केंद्र आहे, माझं अकोल्याच्या जुन्या शहरात. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकणारे आम्ही लोक, कंपनीच्या मीटिंगला भेटायचो. वामनराव तिथल्या फुकट जेवणात तीनदा गुलाबजाम घ्यायचे आणि एरवी स्वतःच्या पैशानं बाहेर कटिंग चहासुद्धा प्यायचे नाहीत.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. हंगामात कपाशीच्या बियाण्याच्या ठरलेल्या पिशव्या विकल्या की कंपनी दुकानदाराला टूरवर नेते. मागच्या हिवाळ्यात जहाजाची टूर होती. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपपर्यंत जायचं आणि परत. चार रात्री, दोघांचं तिकीट. आमच्यातले बरेच जण बायकोच्या तिकिटावर दोस्ताला नेतात. मीही साळ्यालाच नेलं होतं, उगाच सोज्वळपणाचा आव आणत नाही. वामनरावांनी मात्र बायकोला आणलं. आम्ही खूप चिडवलं, तर म्हणाले, "दोस्त दारू पिते बाप्पा. थे पैसे मंग कोन भरीन?"

शकुनवहिनी साठीच्या जवळ आलेल्या, अंगानं बारीक, बोलायला त्याहून कमी. त्यांची ख्याती एकच, उपास. सोमवार, मंगळवार, शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या, काही सुटत नसे. मागच्या दोन वर्षांत तर कोणाच्याही लग्नात त्या पंगतीला बसलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. यायच्या, आहेर करायच्या, वाढायलासुद्धा लागायच्या आणि जेवायला बोलावलं की "आज उपास हाये" म्हणून हात जोडायच्या. अचलपुरात त्यांना मान होता. वामनरावही सांगायचे, "आमच्या घरी लय देवाचं हाये." उपास म्हटलं की आपल्याकडे कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. विचारणाराच पापी ठरतो.

आम्ही सोमवारी संध्याकाळी जहाजावर चढलो. त्यांची खोली माझ्या शेजारचीच. जेवणाचा हॉल तीन मजले वर, तिथं सगळं फुकट आणि पाहिजे तितकं. वामनरावांचे डोळे भरून आले असावेत. पहिल्या रात्री वहिनींचा सोमवार होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार. त्या खोलीतच बसल्या, सोबत आणलेले राजगिऱ्याचे चार लाडू आणि वामनरावांनी वरून खिशात घालून आणलेली दोन केळी, एवढ्यावर. बुधवारी सकाळी पलंगावरून उठताना त्यांना घेरी आली.

वामनराव माझ्याकडे आले. तोंड उतरलेलं. "गजेंद्र, बुधवारचा उपास कोनाचा असते?"

"इठोबाचा असते म्हंतेत. काहून?"

"हे म्हंते आज बी उपास हाये. कोनत्या देवाचा पुसलं त म्हंते, हाये एका देवाचा. अन् उभी राह्यली त गरगर फिरून पडली. वर चाल म्हटलं त येत नाई. इथंच बोलावू म्हनतो काहीतरी. तू चाल, मले त्याईची हिंदी जमत नाई."

आम्ही काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीनं हसून सांगितलं की वर सगळं फ्री आहे, खोलीवर मागवलं तर प्रत्येक फेरीचे तीनशे रुपये जास्त लागतील. वामनरावांनी मला बाजूला सारलं आणि स्वतःच्याच हिंदीत सुरू झाले. "खाना फुकट, और जिना उतरने का तीनसौ? खाने को क्या पाय दुखते क्या?" ती पोरगी हसतच राहिली. हे हसणं त्यांना शिकवलेलंच असतं, त्यापुढे वऱ्हाडी माणसाचं काही चालत नाही.

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. वरच्या हॉलमध्ये ताट भरलं, त्यावर कागदी रुमाल टाकला आणि दाराकडे निघाले. दारातल्या गार्डनं अडवलं. ताट बाहेर नेता येत नाही, सर. चाळीस दुकानदार बघत होते. कोणीतरी ओरडलं, "वामनराव, धाब्यावर पार्सल भेटते!" मीही हसलो. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो असेन. वामनराव ताट टेबलावर ठेवून निघून गेले.

दहा मिनिटांनी माझ्या खोलीचं दार वाजलं. "गजेंद्र, थे तीनशे ताटाले हायेत का फेरीले?"

"फेरीले."

"मंग एकाच फेरीत कितीबी बोलावलं तरी तीनशेच न? फोन लाव."

मी फोन लावला आणि ते शेजारी उभे राहून सांगत गेले. दोन थाळ्या, दही, पापड, फळं, खीर, सूप. सूप कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले असू दे, त्याच फेरीत येते. तीनशे रुपये वसूल करायचे म्हणून ते त्या दिवशी वर जेवायला गेले नाहीत. त्यांनी स्वतःचंही जेवण खोलीतच मागवलं. त्यांच्या संसारात इतका शुभ कंजूसपणा त्यांनी आधी कधी केला नसेल.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर, समुद्राकडे बघत. शब्द आठवतात तसे लिहितो.

ट्रॉली आली. खोली म्हणजे आपल्या देवघरापेक्षा थोडी मोठी. पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. वहिनींनी सवयीनं त्यांचं ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "तुमी घ्या जेवून. मी मांगून घेतो."

"मांगून म्हंजे कुठी? न्हानीत?" वामनराव म्हणाले. "थंड होऊन राह्यलं. बस."

त्या बसल्या. अडतीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको समोरासमोर ताट घेऊन बसण्याची ही पहिली वेळ. घरी आधी सासू-सासरे, मग लेकरं, मग गडी-माणसं, मग दुकानातून आल्यावर वामनराव. सगळं आटोपलं की वहिनी आत, ओट्याच्या आडोशाला, एकट्या. लेकरं पुण्याला गेली, घरात दोघंच उरली, तरी ती रीत तशीच राहिली. आपली बायको जेवते कशी, हे वामनरावांना ठाऊकच नव्हतं. मी हे ऐकलं आणि माझ्या बायकोचा, प्राजक्ताचा विचार केला. ती डाव्या बाजूनं चावते की उजव्या, तिला तिखट लागलं तर पाणी पिते की भात खाते, मला काही सांगता येईना. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

वहिनींनी चमचा उचलला. वरण अर्ध्या वाटेपर्यंत आलं आणि सांडायला लागलं. हात थरथरत होता, चमचा ताटाच्या काठावर टणटण वाजत होता. वामनरावांना वाटलं, जहाज हलतंय. त्यांनी टेबल धरलं.

"मंग माई नजर गलासाकडे गेली, गजेंद्र. पान्याचा गलास भरेल होता. थे पानी हालत नोयतं."



हात कापायला लागून दोन वर्षं झाली होती. बादली, तवा, कढई, मोठं काम हात करायचे. बारीक काही उचललं की कापायचे. चहा कपबशीऐवजी पेल्यातून यायला लागला होता, कारण बशी वाजायची. वामनरावांना वाटलं, बश्या फुटल्या असतील. आणि लग्नातल्या पंगतीत घास तोंडापर्यंत जाईना म्हणून उपास आले होते. एकेक करून वाढत गेले होते. ज्या उपासांचं गावभर कौतुक सांगत ते फिरत होते, ती त्यांच्या बायकोची उपासमार होती.

"सांगतलं काहून नाई?" त्यांनी विचारलं.

"तुमी गावभर सांगतलं असतं," वहिनी म्हणाल्या. "बाया म्हनल्या असत्या, गावंडेबाईले घास बी उचलता येत नाई."

ते भरवायला गेले, तर त्या चिडल्या. मी काय लेकरू हाओ? मग वामनराव नुसते बसून राहिले. वहिनी हळूहळू जेवल्या. अर्धं ताटात, अर्धं पोटात. पाऊण तास लागला. दोन दिवसांची भूक होती. खीरसुद्धा संपवली.

त्यानंतर त्यांनी तीन वेळा खोलीवर जेवण मागवलं आणि दरवेळी जास्तीचे तीनशे निमूट बिलात लिहू दिले. टूरवर हे पसरलं. हनिमून, हनिमून म्हणून लोक शिट्ट्या मारू लागले. वामनरावांनी कोणाला काही सांगितलं नाही. गावभर सांगणारा माणूस गप्प राहायला शिकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. इकडे परत आल्यावर अमरावतीला डॉक्टरला दाखवलं, गोळ्या सुरू आहेत, थोडा फरक आहे.

शेवटच्या संध्याकाळी कंपनीचा कार्यक्रम होता. वरच्याच हॉलमध्ये, सगळ्यांचं जेवण आणि मधेमधे स्टेजवर सत्कार. अमरावती जिल्ह्यात वामनराव पहिले आले होते. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, आमी येत नाई, माई ट्रॉफी तूच घेजो. पण आठ वाजता दोघं दारात दिसले. वहिनी हिरवं लुगडं नेसल्या होत्या. त्यांनीच हट्ट धरला होता म्हणे, "तुमचं नाव घेतीन अन् तुमी खोलीत बसान का?"

ते आमच्या टेबलावर आले. मी आणि साळा उठायला लागलो तर वहिनी म्हणाल्या, "बसा न भाऊ."

वामनरावांनी दोघांची ताटं आणली. वहिनींनी चमचा उचलला आणि तो वाजला. शेजारच्या टेबलावरच्या दोन बायांनी वळून पाहिलं. वरण लुगड्यावर सांडलं. वहिनींचा हात थांबला, मान खाली गेली. मला वाटलं, आता त्या उठून जातील. वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, पुसायची घाई केली नाही. साध्या आवाजात म्हणाले, "सांडू दे. मी धुतो लुगडं."

अडतीस वर्षांत त्यांनी स्वतःचा रुमाल धुतलेला नव्हता. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चमचा बाजूला ठेवला, भातात वरण कालवलं आणि हातानं जेवायला लागल्या. हात कापत होता, सांडत होतं, त्या जेवत होत्या. बायांनी पाहिलं, पाहून झालं, आपापल्या ताटाकडे वळल्या. ताट रिकामं झालं. तेव्हा वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "थोडासा भात आनता का?"

वामनराव ताट घेऊन असे उठले की खुर्ची मागे पडली. ते भाताच्या रांगेत उभे होते, तेवढ्यात स्टेजवरून माईकवर त्यांचं नाव आलं. अमरावती जिल्हा, प्रथम क्रमांक, श्री. वामनराव गावंडे, सपत्नीक. टाळ्या सुरू झाल्या. कंपनीचा साहेब ट्रॉफी धरून उभा. रांगेतले लोक बाजूला होऊन त्यांना स्टेजकडे ढकलू लागले. ते जागचे हलले नाहीत.

"थांबा म्हना त्याईले," वामनराव ओरडले. "भात घेऊन राह्यलो."