बाबांची चाल

"पेरिफेरल न्यूरोपथी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे हातापायांच्या नसांचा आजार. तुमचा बहुधा घराण्यातून आलाय. आईवडिलांपैकी कुणी असं अडखळत चालतं का?"

"बाबा. पण ते दारू पितात म्हणून," मी म्हटलं.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथं माणूस दोनदा अडखळला की चोरून पितो असं ठरवून लोक मोकळे. सेलूच्या बाजारात बाबांचं भांड्यांचं दुकान. गादीवर बसले की शेठ, उतरून चालू लागले की बेवडे. नव्वदच्या सुमारास मी शाळेत होते. स्नेहसंमेलनाला येऊ नका, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते आले नाहीत.

आता मी पिपरी मेघेला राहते, शाळेत शिकवते. तिशीतच पायातली चप्पल निसटायची आणि चार पावलांनी कळायचं. मग जिन्यात पडले. मला कुणी बेवडी म्हणालं नाही, वेंधळी म्हणाले.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. यात विजेचे बारीक झटके देऊन नस निरोप कसा पोचवते ते बघतात. दुखत नाही म्हणतात. दुखतं, पण सोसवतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर रेघ ओढून समजावलं. पायाच्या नसेची पेशी पाठीच्या कण्याजवळ असते, पण तिचा धागा थेट अंगठ्यापर्यंत, हातभराहून लांब. त्या टोकालाही ताकद लागते. ती तयार करणारे सूक्ष्म घटक म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. ते तिथवर नेऊन पोचवायचे, थकलेले ताज्यांशी जोडून सावरायचे, निकामी झालेले काढायचे, हे काम अखंड चालतं. माझ्यात तेच नीट होत नसावं. सगळ्यात लांबच्या टोकाची आबाळ आधी, म्हणून पावलं.

मग त्यांनी विचारलं, "वडिलांना पिताना पाहिलंय?"

मी आठवत बसले. बाटली नाही, वास नाही, कधी चढलेला आवाज नाही. फक्त चाल. मला माझीच लाज वाटली.

आठवड्याने बाबांना घेऊन गेले. त्यांनी मोजे काढले. तळपायाची तीच उंच कमान, तीच आत वळलेली बोटं, माझीच. त्यांचीही टेस्ट झाली. "हा जन्माचा आजार आहे, दारूचा नाही," डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि मी मागितलं म्हणून तसं मराठीत लिहूनही दिलं.

याला औषध नाही. पावलांना आधाराचे पट्टे आहेत, व्यायाम आहे, आणि आजार सावकाश चालतो. तुमच्या घरात कुणी अडखळत असेल तर आधी त्याचे पाय बघा, नावं मग ठेवा. मी मात्र या आजाराचे आणि त्या डॉक्टरबाईंचे उपकार विसरणार नाही.

त्या दिवशी दवाखान्याबाहेर बाकावर मी रडत होते. "बाबा, तुमी सांगितलं काऊन नाई?"

"सांगत होतो ना वो बाई. कोनी आयकेच नाई, मंग सोडून देल्लं."

"हा कागद बाजारात एकेकाले दाखवतो मी," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवली.

"बाजाराले काय कराचं? मले तुलेच दाखवाचा होता."