अण्णांनी विचारलेला सोपा प्रश्न

व्यंकटअण्णांच्या पत्नी रुक्मिणीअक्कांचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या ऑफिसात होते. "अण्णा गेले ग... कॉफी घेतली आणि बसल्याजागीच," एवढंच त्या बोलल्या. महिना होऊन गेला, तरी रविवार आला की पाय त्यांच्या घराकडेच वळतात.

व्यंकटअण्णा बेंगळूरचेच. पूर्वज तीनएकशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' हे कन्नड शब्द हक्कानं बसलेले. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मला त्या बोलीचं आधी हसू यायचं, मग लळा लागला. ते सरकारी कारखान्यात टेलिफोनच्या यंत्रांवर काम करत. रविवारी आम्ही लिनक्सवेडी मंडळी त्यांच्या माडीवर जमायचो. लोक आपला कॉम्प्युटर रिक्षात घालून आणत, आणि आम्ही त्यावर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली चढवायला मदत करायचो. काम जिकिरीचं होतं. काळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत, आणि त्यांची भाषा जाणकारांनाच कळे.

येलहंक्याचे निवृत्त कन्नड शिक्षक गौडा मास्तर असेच एकदा आले. त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडचे जुने शब्द गोळा करून त्यांनी कोश टाइप केला होता, आणि तो फक्त त्या यंत्रातच होता. डिस्कचे भाग पाडायच्या पायरीवर पडद्यानं काहीतरी विचारलं, मास्तरांनी एंटर दाबलं... आणि कोश पुसला गेला. आमच्यातला एक जण म्हणाला, आधी सूचना वाचायला हव्या होत्या. मास्तर खाली मान घालून 'हो हो' म्हणत राहिले.

अण्णा शांतपणे म्हणाले, "चूक त्यांची नाही. प्रश्न आपण वाईट विचारला."

पुढे कितीतरी महिने कारखान्यातून आले की अण्णा एकच काम करत. इन्स्टॉलेशनच्या आधी चालेल असा एक छोटा प्रोग्राम त्यांनी लिहिला. तो स्वतःच डिस्क तपासायचा आणि साध्या शब्दांत विचारायचा, की या यंत्रात तुमचं आधीचं काम आहे, ते ठेवायचं ना? नुसतं एंटर दाबलं तर सगळं सुरक्षित राही. पुसायचंच असेल तर तसा शब्द पूर्ण टाइप करावा लागे. अक्कांना, शेजारणींना ते पडद्यापुढे बसवत आणि त्या जिथे अडखळतील तिथलं वाक्य बदलत. त्यापेक्षा लोकांनाच शिकवू, असं मी सुचवलं होतं.

"शिकवू ग," ते म्हणाले, "पण घाबरलेला माणूस शिकत नाही. आधी भीती काढू, सरी?"

प्रोग्राम तयार झाल्यावर ते मला घेऊन येलहंक्याला गेले. मास्तरांनी तेव्हापासून यंत्राला हात लावला नव्हता. अण्णांनी आग्रह केला नाही. नांगराच्या निरनिराळ्या भागांना काय म्हणतात ते विचारत बसले. मास्तर खुलले, बोलत राहिले, आणि आम्ही निघताना स्वतःच म्हणाले, बघू या आता तुमचा प्रोग्राम. तो प्रश्न पडद्यावर आला तसा त्यांनी मोठ्यानं वाचला, एकदा अण्णांकडे पाहिलं आणि एंटर दाबलं. कोश आता पुन्हा उभा राहतोय. काही शब्द मात्र गेले ते गेलेच. ते सांगणारी म्हातारी माणसंही उरली नाहीत.

परवा अक्कांना भेटून माडीवर गेले. कॉम्प्युटरपुढे गादी घातलेली खुर्ची, आणि बाजूला, कीबोर्डपर्यंत हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, एक लाकडी स्टूल. खुर्ची येणाऱ्याची, स्टूल अण्णांचं. नवखा माणूस कितीही चाचपडला तरी ते तिथून हलत नसत; बटणं त्यानंच दाबायची. अक्कांनी खुर्ची पुढे ओढली, "बस की," म्हणाल्या.

पण येत्या रविवारी कुणीतरी नवखं येणार होतं, खुर्ची त्याची. मी स्टुलावर बसले... हात मांडीवर ठेवून.