उचललेला लोड

मी तापट आहे. तेव्हाही होते. बाबा म्हणायचे, "हिले भट्टीपाशी उभी करा, प्लांटचा कोळसा वाचीन." आणि माझ्या रागाचा सगळ्यात मोठा भडका ज्यावरून उडाला ते ऐकून लोक हसतात. हसू देत. माझ्या भावाच्या एका खोट्या साधूला दुसऱ्याच्या मनातलं वाचता यायचं, आणि त्यापायी माझा सोन्यासारखा खेळ बुडायला आला होता.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही भिलाईला, पोलाद कारखान्याच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी अकरावीत, भाऊ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. समोरच्या क्वार्टरमध्ये केरळचं एक कुटुंब होतं, त्यांची मुलगी माझी जिवाची मैत्रीण, तिच्याशी आम्ही हिंदीत बोलायचो. तिचा मामा अमेरिकेहून आला आणि जाताना झेरॉक्सचं एक जाड बाड आणि वीस बाजूंचा एक फासा तिला देऊन गेला. फासा हातात घेऊन आम्ही आधी दोन दिवस त्याच्या बाजूच मोजल्या.

खेळ असा होता की पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. "मी दार ढकलतो," असं म्हणायचं, फासा टाकायचा, आणि दार उघडलं की नाही ते गोष्ट सांगणारीनं ठरवायचं. ती सांगणारी मी. आवाज मोठा होता म्हणून मला ते काम मिळालं. त्या बाडातले किल्ले आणि बर्फाचे डोंगर आम्हाला काही झेपेनात, म्हणून मी गोष्ट सरळ शिवनाथ नदीच्या काठी आणून ठेवली. तिथे एक घाट, एक धर्मशाळा, एक चौकी, आणि कोणीतरी चोरलेली देवळाची घंटा.

बाडाच्या शेवटी मनाच्या ताकदींचं प्रकरण होतं. नुसत्या मनानं वस्तू हलवणं, लांबचं दिसणं, दुसऱ्याच्या मनातलं वाचणं. यादी होती, पण कोणती ताकद किती वापरायची आणि वापरली की काय भोगायचं, ती पानंच नव्हती. मामाला झेरॉक्सवाल्यापुढे उभं राहायचा कंटाळा आला असणार. म्हणजे ते नियम मलाच करायचे होते.

मैत्रिणीचं सोपं होतं. तिनं वस्तू हलवायची ताकद घेतली. मी म्हटलं, हातानं जेवढं उचलशील तेवढंच मनानं उचलायचं, आणि तेवढा वेळ तुझे हात बांधलेले. ती लगेच कबूल झाली. भावानं मात्र मन वाचणारा साधू घेतला आणि माझी वाट लावली. घंटा कोणी चोरली हे कोडं मी आठ दिवस खपून रचलं होतं. त्यानं पहिल्याच माणसाचं मन वाचलं, चोर सापडला, आणि हा भैताड म्हणतो, "झालं? आता पोहे आहेत का?"

मी नियम केला, मन वाचलं की डोकं दुखेल. साधू झाडाखाली झोपून यायचा आणि परत वाचायचा. मग केलं, दिवसातून एकदाच. तर तो सगळा दिवस ती ताकद जपून ठेवायचा आणि नेमकी माझ्या खलनायकावर टाकायचा. मग फाशावर ठेवलं, तर मेल्याचे फासेही चांगले पडायचे. एका दुपारी मी बाडच भिंतीवर फेकलं. आई आतून म्हणाली, "माय वो, भिंत पाडतं काय? क्वार्टर परत द्याचं आहे न आपल्याले."

क्वार्टर परत द्यायचंच होतं. त्या वर्षाच्या शेवटी बाबा रिटायर होणार होते, आणि रिटायर झालं की क्वार्टर सुटतं हे सेक्टरमधल्या पोट्ट्यांना पाळण्यातच कळतं. कोणी इथेच जवळ बोरसीत प्लॉट घेई, कोणी जुनवानीत, कोणी आपल्या गावाकडे जाई. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "गावाले जाऊ." गाव अमरावतीकडचं, तिथे काकांनी बाबांसाठी जागा राखून ठेवलेली. मी दोन दिवस थयथयाट केला. बारावीचं वर्ष, मैत्रीण, खेळ, सगळंच जाणार होतं. बाबा पेपर वाचत राहिले. मग मी आईला धरलं. "तुले जायचं आहे काय गावाले?"

"मले काय वाटायचं? तुझे बाबा म्हणतीन तसं," ती म्हणाली, आणि मागच्या अंगणात लिंबाला पाणी घालायला गेली. ते लिंबाचं झाड तिनं लग्न होऊन आली त्या वर्षी लावलं होतं. आम्ही भावंडं नवसाची, उशिराची. झाड आमच्याहून पुष्कळ मोठं. तिला जायचं आहे की नाही हे मला काही केल्या कळेना, आणि न कळणाऱ्या गोष्टीचा मला फार संताप येतो.

तर बाड भिंतीवर फेकलं त्या दिवशी बाबा फर्स्ट शिफ्ट करून आलेले, जेवायला बसलेले. ते रोलिंग मिलमध्ये फोरमन, क्रेनचं काम त्यांच्याकडे. आमच्या खेळाला ते रिकामटेकड्यांचा धंदा म्हणत. पण माझी आरडाओरड ऐकून त्यांनी विचारलं, "झालं काय एवढं?" मी सगळं सांगितलं. साधू, डोकेदुखी, फासा.

बाबांनी भाताचा घास हातातच धरला. "तू पावर कमी करून राहिली. तसा बॅलन्स नाही होत. क्रेनवाला बसल्या जागी केवढं धूड उचलते, मालूम आहे? त्याची ताकद आम्ही कमी करतो काय? एकच नियम. उचलला लोड त्यानंच उतरवायचा. लोड लटकता ठेवून केबिनमधून उतरायचं नाही. भोंगा वाजो, शिफ्ट संपो, जेवणाची सुट्टी होवो. ज्यानं उचलला, तो त्याच्या गळ्यात."

"मनाले कुठं लोड असते?" भाऊ म्हणाला.

"मनालेच असते," बाबा म्हणाले आणि ताक मागितलं.

मी त्याच संध्याकाळी वहीत लिहिलं. जो दुसऱ्याचं मन वाचेल, त्यानं त्या मनात जे अडलेलं दिसेल ते स्वतः पुरं करायचं. ते पुरं होईपर्यंत दुसरं काम धरायचं नाही, दुसरं मन वाचायचं नाही. ज्याचं मन वाचलं जाईल त्यानं मनातलं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि वाचणाऱ्यानं ती मोठ्यानं वाचायची.

पुढच्या रविवारी साधूनं ऐटीत चौकीदाराचं मन वाचलं. चिठ्ठीत मी लिहिलं होतं, "माझी बकरी हरवली." साधू दोन रविवार बकरी शोधत हिंडला. नदीत उतरला, बाभळीत अडकला, एका म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या. मैत्रीण हसून हसून लोळली. "भैया, बकरी मिली क्या?" असं ती त्याला पुढे कित्येक महिने रस्त्यात विचारायची. त्यानंतर भाऊ मन वाचायच्या आधी दहादा विचार करू लागला. बॅलन्स आला. मी त्या दिवशी इतकी खूश होते की त्याला माझ्या वाटचे पोहेसुद्धा दिले.

मग आई खेळायला आली आणि माझा बॅलन्स पुन्हा ढासळला.

ती शेजारी बसून तांदूळ निवडत ऐकायची. एकदा म्हणाली, "मले नाही काय खेळता येत?" आम्ही तिला धर्मशाळेतली बुढी केलं. ताकद कोणती, तर मन वाचायची. मी नियम समजावला. तिनं मान डोलावली आणि सुटलीच. नावाड्याचं मन वाचलं, त्याला पेज पाजली. चौकीदाराचं वाचलं, त्याच्या बायकोला माहेरी पोचवून आली. साधूचं वाचलं, त्याचं धोतर शिवून दिलं. लोड उचलायची, उतरवायची, पुढचा उचलायची. नियमाचा तिला जाचच होईना.

"आई, याचा त्रास व्हायला पायजे तुले!" मी ओरडले.

"कावून? हे तर मी रोजच करून राहिली न," ती म्हणाली, आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

खरंच होतं. शर्टाचं तुटलेलं बटण, परीक्षेची भीती, बाबांचा उतरलेला चेहरा, सगळं तिला न सांगता कळायचं आणि ती ते निस्तरून मोकळी व्हायची. आणि इतक्या रविवारांत बुढीचं मन कोणीच वाचलं नव्हतं. मी भावाला म्हटलं, तू वाच ना. तो म्हणाला, "बुढीच्या मनात काय असन? लाडवाचा डबा." मी त्याला उशी फेकून मारली. खरं तर ती मला स्वतःलाच मारायला हवी होती. गावाला जाण्यावरून दोन दिवस ओरडताना मी तरी तिला एकदाच विचारलं होतं, आणि तेही माझ्या मदतीला ये म्हणून.

रिटायरमेंटला दीड महिना उरला. बाबांची शिल्लक सुट्टी सुरू झाली आणि ते घरात नुसते येरझारा घालू लागले. काकांना गावी पत्र टाकायचं होतं, घराचं काम सुरू करा म्हणून. रविवारी दुपारी आम्ही खेळायला बसलो तर ते खुर्ची ओढून चुका काढायला बसले. आई म्हणाली, "काहो, नियम तुमीच देल्ला न? मग खेळून पाहा एकदा." भावानं फासा त्यांच्या हातात ठेवला. ते घाट बांधायला आलेले मिस्त्री झाले. ताकद मन वाचायची, कारण दुसरी कोणती त्यांना माहीतच नव्हती.

मी लबाडी केली, कबूल करते. मी पूर आणला, पूल वाहून नेला, आणि सगळ्यांना धर्मशाळेच्या बंद दारापुढे आणून उभं केलं. किल्ली बुढीजवळ, आणि बुढी बोलेना. साधू अजून आधी वाचलेल्या कोणाचा तरी नवसाचा नारळ फेडण्यात अडकलेला. मग मन वाचणारा एकच जण उरत होता.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "ठीक आहे. मी हिचं मन वाचतो." फासा टाकला. सतरा पडले.

मी आईला पेन्सिल आणि कागद दिला. मला वाटलं ती लिहील, किल्ली उंबऱ्याखाली आहे. ती लिहायला बसली आणि पुष्कळ वेळ बसून राहिली. मग चार घड्या घालून चिठ्ठी बाबांना दिली. बाबांनी उघडली, वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. आणि चिठ्ठी खिशात घालू लागले.

"बाबा, मोठ्यानं. रूल आहे," भाऊ म्हणाला.

बाबांनी घसा साफ केला. "कुठं राहायचं ते मले एकदा विचारा."

"आंटी ने क्या लिखा?" मैत्रिणीनं विचारलं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी त्या बुढीच्या मनातलं लिवलं जी. खेळातलं आहे."

तिनं त्यांना सुटायला दार उघडून दिलं होतं. हसून निघून जाता आलं असतं. बाबा उठलेही. पण उभ्या उभ्या त्यांनी एकदा माझ्या वहीकडे पाहिलं, आणि परत खाली बसले. खुर्चीवर नाही, सतरंजीवर, आईसमोर.

"लोड उचलला न मी," ते म्हणाले. मग हळूच, परक्या बाईशी बोलावं तसं, "तुले कुठं राहायचं आहे?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. मग तांदळाचं ताट उचललं आणि म्हणाली, "विचार करून सांगते."

भाऊ फिस्सकन हसला, मग मी, मग मैत्रीणसुद्धा, तिला काहीच कळलं नव्हतं तरी. फक्त बाबा हसले नाहीत.

आईनं आठ दिवस घेतले! ते आठ दिवस बाबांनी काकांना पत्र टाकलं नाही. पुन्हा विचारलंही नाही. नुसते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, पाणी मागायचे, आणि प्यायचेच नाहीत. मी विचारलं, "बाबा, बाहेर फिरून या न." तर म्हणाले, "केबिन सोडता नाही येत."

नवव्या दिवशी वरणाला फोडणी देता देता आई म्हणाली, "बोरसीत. मागं अंगण पायजे, लिंबाले. अन् दर संक्रांतीले तुमच्या गावाले जाऊ." बाबा "हाव" म्हणाले आणि हातातलं पाणी एका दमात प्यायले.

मला बारावीत शाळा बदलावी लागली नाही. खेळ बोरसीच्या घरात आणखी दोन वर्षं चालला. लिंबाचं मोठं झाड काही नेता आलं नाही, त्याच्या बियांचं रोप लावलं. बाबांना मात्र विचारायची सवयच जडली. पडदे कोणते, पाहुण्यांना कधी बोलवू, खिडकी उघडी ठेवू की लावू. दिवसभर आईच्या मागे मागे. एके दिवशी ती वैतागली. "पुरे करा जी आता! एकदा विचारा म्हणलं होतं मी. एकदा. झालं न विचारून?"

बाबा खिडकीचा कडी-कोयंडा धरून उभे होते. म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांचा लोड आहे. एका दिवसात उतरते काय? सांग, उघडी ठेवू का लावू?"