देवाचं रान आज राखीव झालं

मंडळी, आज दुपारी शीळच्या डोंगरावरून परतलो, तेव्हापासून नुसता बसून आहे.

मी ठाण्याच्या कचेरीत जंगलाकडचा कारकून. आजूबाजूचं सगळं रान रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी तुटलं. या डोंगरावरचा ऐन-सागाचा एकच जुना पट्टा उरला, कारण वाघदेवाचं रान म्हणून पाड्यावरच्या ठाकर लोकांनी त्याला कधी कुऱ्हाड लावली नाही. आज सरकारने तो राखीव केला. परवान्याशिवाय कुणी आत जायचं नाही, हा जाहीरनामा मीच वाचून दाखवला.

देवाला शेंदूर लावणारी म्हातारी ठमीबाई पुढे आली.

"रावसाहेब, रान आमी राखलं. आता तुमी कुनापासून राखता?"

"कुणी तोडू नये म्हणून, बाई."

"आमी कवा तोडलं?"

जाहीरनामा ऐकल्याची निशाणी घ्यायला मी कागद पुढे केला. तिने अंगठा उठवला.

"उद्या शेंदूर लावाया येऊ ना?"

"ठाण्याला अर्ज करावा लागेल," मी म्हणालो. ती पाड्याकडे चालू लागली.

रान वाचलं, हे चांगलंच झालं. पण मला ना आनंद होतोय, ना वाईट वाटतंय. ताट आलं, जेवलो.

माझ्या जागी तुम्ही असतात, तर तिला काय सांगितलं असतंत?