भिंतीलगतचा खड्डा

आईला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. वडिलांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याकडून आकुर्डीला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. शेजारी कामगारांच्या चाळींचं बांधकाम चालू होतं. तिथला निघोजे गावचा गवंडी आमच्याकडे पाणी प्यायला यायचा. एका भाऊबीजेला आई तबक घेऊन अंगणात उभी असलेली त्यानं पाहिली आणि "ताई, मी हाय न्हवं?" म्हणत सरळ पाटावर येऊन बसला. तेव्हापासून तो आमचा मामा.

पुढं वडिलांनी जवळच जागा घेतली आणि घराचा ठेका साहजिकच मामाला दिला. कागद केला नाही. भावाशी कसला कागद, असं वडील स्वतःच म्हणाले. बोली एवढीच होती की पाया कमरेइतका खोदायचा. मुरूम, म्हणजे पाया टेकवायची घट्ट जमीन, त्याखाली लागला तर जादा खोदाईचे आणि दगडाचे पैसे वेगळे.

जमीन निघाली काळीभोर. मामानं पुरुषभर खोल जाऊन पाया भरला. त्या आठवड्यात वडिलांचा ओव्हरटाइम होता, त्यामुळे त्यांनी काही पाहिलं नाही. हिशेबाला बसल्यावर म्हणाले, "पुरुषभर कशावरून?" वडिलांचा स्वभावच संशयी, गिरणीतून आलेलं पीठसुद्धा ते पुन्हा मोजून घेत.

मामानं वाद घातला नाही. दारं-खिडक्या सुताराकडून तयार होऊन मामाच्याच गोठ्यात पडल्या होत्या. "हिशोब मिटंस्तवर त्या माझ्याकडंच ऱ्हातील," एवढंच तो बोलला. बांधलेलं घर काही उचलून नेता येत नाही. दार तेवढं अडवून ठेवता येतं. आम्ही गोणपाटाचे पडदे लावून राहायला गेलो. पावसाळाभर ओल, चिखल आणि रात्री घरात शिरणारी कुत्री.

शेवटी पंच बसले. गावातले दोन वयस्कर आणि कारखान्याचा एक ओव्हरसिअर. ओव्हरसिअर म्हणाला, "भिंतीलगत खड्डा घ्या. पाया दिसेल, प्रश्न मिटेल."

मामा उठून उभा राहिला. "घ्या की खड्डा, माझं न्हाई म्हणणं न्हाई. पर त्याआधी ताईनं सांगावं, तिचा माझ्यावर भरवसा हाय का न्हाई."

सगळे आईकडे पाहू लागले. ती गोणपाट हातात धरून उंबऱ्याच्या जागी उभी होती. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. ती बोललीच नाही. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. आता येत नाही. नवऱ्याविरुद्ध चार पुरुषांत तिनं काय बोलायचं होतं? वडिलांचा मात्र अजूनही येतो.

खड्डा घेतला. खणणारा माणूस आधी कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत आत गेला, आणि शेवटी त्याचं डोकंही दिसेना. दगडाची भिंत तरी खाली चाललेलीच होती. ओव्हरसिअरनं आत उतरून खात्री केली. वडिलांनी तिथंच पैसे दिले आणि म्हणाले, "चला, मिटलं."

दुसऱ्या दिवशी मामा बैलगाडीतून दारं घेऊन आला. खड्डा त्यानं स्वतःच्या हातानं बुजवला. दारं बसवली, कुठं घासत नाहीत ना, हे उघडझाप करून पाहिलं. आईनं चहा आणला तर म्हणाला, "नगं ताई, उपास हाय." तो कसलाच उपास करीत नसे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला आईनं सकाळीच पाट मांडला, त्याभोवती रांगोळी काढली. दिवस सरला. चंद्राची कोर मावळायला आली तेव्हा वडील हळूच म्हणाले, "ओवाळून घे, जाईल तो." आईनं अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं, तबक आत आणून ठेवलं, पाट मात्र तसाच राहू दिला.

जेवणं झाल्यावर वडील दार लावायला उठले.

"राहू द्या उघडं," आई म्हणाली. "इतके महिने कुठं दार होतं घराला?"